शेतीच्या विद्यापीठात इंजिनिअर कशाला?

प्रश्न : माझी थोरली मुलगी बारावी विज्ञानला आहे. गणितात हुशार आहे. तिला बी.टेक. करायचं आहे, पण पुण्या-मुंबईचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. नगर जिल्ह्यात एखादं सरकारी तंत्रज्ञान विद्यापीठ आहे का, अशी चौकशी केली, तर एक जण म्हणाला, "राहुरीला जा, तिथं बी.टेक. होतं." नगर-मनमाड रस्त्यानं येता-जाता आम्ही ते विद्यापीठ कायम पाहतो, पण ते तर शेतीचं. शेतीच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग कसं? तिथं नेमकं कसलं तंत्रज्ञान शिकवतात? मुलगी म्हणते, "शेतीच करायची तर बी.टेक. कशाला?" तिला काय सांगू?
— एक शेतकरी, नेवासे तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात एकामागोमाग एक चार प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर एका ओळीत देतो. हो, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक. होतं, चार वर्षांचं, आणि ते सरकारी आहे. तिथलं अभियांत्रिकी महाविद्यालय 1969चं. त्याला नाव आहे डॉ. अण्णासाहेब शिंदे यांचं. अण्णासाहेब आपल्याच जिल्ह्यातून लोकसभेवर गेले आणि हरितक्रांतीच्या वर्षांत केंद्रात कृषी राज्यमंत्री होते.

नावातच 'तंत्रशास्त्र' असलेलं सरकारी विद्यापीठ हवं असेल, तर ते रायगड जिल्ह्यात लोणेरे इथं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, स्थापना 1989. पुण्याचं जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सीओईपी, 2022 साली स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, 'तंत्रज्ञान' ही पाटी लावलेलं सरकारी विद्यापीठ शोधायला गेलात, तर हाती राहुरीच लागेल, आणि पाटीवर 'कृषी' लिहिलेलं असेल. लोक पाटी वाचतात आणि पुढं जातात. माझ्या मते त्यात आपलं नुकसान होतं, म्हणून उरलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं जरा सविस्तर देतो.

शेती आणि यंत्र एका छपराखाली कसे आले?

ही जोडी राहुरीनं जमवलेली नाही. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत अब्राहम लिंकन यांनी 1862 साली एका कायद्यावर सही केली. मॉरिल कायदा म्हणून तो ओळखला जातो. सरकारनं राज्यांना जमीन द्यायची, ती विकून आलेल्या पैशातून राज्यांनी महाविद्यालयं काढायची आणि त्यांत शेती व यांत्रिक कला हे दोन्ही विषय शिकवायचे, अशी ती योजना होती. कष्टकऱ्यांच्या मुलांनाही उच्च शिक्षण मिळावं आणि ते त्यांच्या कामाचं असावं, हा तिच्यामागचा विचार. तिकडच्या काही विद्यापीठांच्या नावात अजूनही 'ए अँड एम' ही अक्षरं दिसतात, ती याच शेती-यांत्रिकीच्या जोडीची.

स्वतंत्र भारतानं कृषी विद्यापीठं काढायला घेतली, तेव्हा हाच नमुना डोळ्यांपुढं ठेवला. पहिलं विद्यापीठ तेव्हाच्या उत्तर प्रदेशातल्या तराईत, पंतनगरला निघालं. पंडित नेहरूंनी 17 नोव्हेंबर 1960 रोजी त्याचं उद्घाटन केलं आणि अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाची त्याला मदत होती. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामं एकाच संस्थेनं करायची, ही त्या नमुन्याची खूण. विस्तार म्हणजे शोध शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणं. राहुरीलाही ही तिन्ही कामं आहेत.

इंजिनिअर मात्र आपल्या देशात त्याही आधी शेतात उतरला होता. अलाहाबादच्या कृषी संस्थेत मेसन वॉ नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं 1940च्या दशकात कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. आशियातला तो पहिला मानतात. तिथं तयार झालेल्या लोखंडी नांगरांची नावं ऐका : 'शाबाश' आणि 'वाह वाह'. आपल्याकडे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 सालीच लोखंडी नांगर घडवला होता. लोखंडानं जमीन नासते, असं तेव्हा लोक म्हणत, आणि पहिले नांगर खपायलाही फार दिवस गेले. त्याच किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी ज्या सांगली जिल्ह्यात आहे, त्याचा कारभार आज कृषी शिक्षणापुरता राहुरीकडे आहे.

राहुरी कशी घडली, तेही थोडक्यात सांगतो. पुण्याचं कृषी महाविद्यालय 1907चं, धुळ्याचं 1960चं, कोल्हापूरचं 1963चं. राज्याचं कृषी विद्यापीठ 29 मार्च 1968 रोजी स्थापन झालं. ते एकच होतं. विदर्भात स्वतंत्र विद्यापीठासाठी मोठं आंदोलन झालं होतं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1969 मध्ये, विद्यापीठाची वाटणी होऊन अकोला आणि राहुरी अशी दोन झाली. 1972 मध्ये परभणी आणि दापोली निघाली. राहुरीकडे आज दहा जिल्हे आहेत : नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार. मुंबई-पुण्याच्या मोठ्या विद्यापीठांत लाखांनी विद्यार्थी असतात. त्यांच्या मानानं राहुरीचं आवार शांत आणि वर्ग लहान. पण या दहा जिल्ह्यांतलं शिवार पाहिलं, तर राहुरीचा पसारा आवाराच्या कुंपणापाशी संपत नाही.

महात्मा फुल्यांचं नावही इथं शोभेपुरतं नाही. हंटर आयोगापुढं 1882 साली दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणात शेतीच्या ज्ञानाचा समावेश करा, अशी मागणी केली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणं सांगितली आणि उपायही सांगितले. पावसाचं पाणी जमिनीत मुरेल असे बांध घाला, तळी-तलाव बांधा, जनावरांच्या चांगल्या जाती आणा, शेतकऱ्यांची प्रदर्शनं भरवा, त्यांच्या मुलांना शिकवा. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवलं होतं. चुना-दगडाचं धरण आणि शेतकऱ्याचं रान, दोन्ही पाहिलेल्या माणसानं ही यादी केली होती. त्यातली बहुतेक कलमं आज कृषी अभियांत्रिकीच्या आणि पशुसंवर्धनाच्या अभ्यासक्रमात सापडतात.

तिथं नेमकं शिकवतात काय?

कृषी अभियंत्याच्या अभ्यासाचे ढोबळ पाच भाग आहेत : शेतीची यंत्रं आणि शक्ती, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, कृषी प्रक्रिया आणि ऊर्जा. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग, वर्कशॉप हे इतर कुठल्याही इंजिनिअरसारखंच. फरक पुढं पडतो. तिच्या वर्गमैत्रिणी पूल आणि मोटारी मोजायला शिकतील, तुमची मुलगी मातीतला ओलावा मोजायला शिकेल.

एक उदाहरण तुमच्याच उसाचं घेऊ. ठिबक किती वेळ चालवायचं, हा प्रश्न तुम्हाला रोज पडत असेल. बहुतेक ठिकाणी तो लाइट किती वेळ आहे यावर सुटतो. अभियंता तो असा सोडवतो.

ऊन, वारा, तापमान आणि हवेतली आर्द्रता यांवरून रोज जमिनीतून आणि पानांतून मिळून किती पाणी उडून जाईल, याचा हिशोब करता येतो. हॉवर्ड पेनमन नावाच्या इंग्लिश शास्त्रज्ञानं 1948 साली त्याचं सूत्र मांडलं. पुढं जॉन माँटेथ यांनी ते सुधारलं. आज जगभर तेच वापरतात. समजा, एखाद्या उन्हाळी दिवशी उत्तर आलं 6 मिलिमीटर. हा आकडा गवताच्या हिरव्या पट्ट्याचा. उसाची गरज त्याच्या वयानुसार कमी-जास्त असते, म्हणून त्याला पिकाच्या गुणांकानं गुणायचं. फुटव्याच्या सुमाराला तो समजा 0.8 धरला, तर 6 गुणिले 0.8 म्हणजे 4.8 मिलिमीटर.

आता एकराचं क्षेत्रफळ 4,047 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी 4,047 लिटर. 4.8 मिलिमीटरचे झाले साधारण 19,400 लिटर. ठिबकातही थोडं पाणी वाया जातं. कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर सोडायला हवेत 21,600 लिटर. तुमच्या लॅटरलमधलं अंतर दीड मीटर, ड्रिपरमधलं 40 सेंटिमीटर आणि प्रत्येक ड्रिपर तासाला 4 लिटरचा असेल, तर एकरात सुमारे 6,745 ड्रिपर होतात आणि तासाला 27 हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. म्हणजे त्या दिवशी मोटार चालवायची 48 मिनिटं.

अठ्ठेचाळीस मिनिटं. लाइट आठ तास आहे म्हणून मोटार आठ तास चालू ठेवली, तर उरलेलं पाणी मुळांच्या खाली जातं. वाफसा मोडतो आणि टाकलेला युरियाही त्याच पाण्याबरोबर खाली जातो. ही आकडेमोड बारावीच्या मुलीला अवघड नाही. अवघड आहे ते दहा जिल्ह्यांच्या हवामानाची, मातीची आणि पिकांची माहिती गोळा करून ती शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर आणणं. राहुरीच्या शास्त्रज्ञांनी 'फुले इरिगेशन शेड्युलर' नावाचं अॅप त्यासाठीच बनवलं. हवामानबदलाला तोंड देणारी शेती आणि पाण्याचं व्यवस्थापन यांवर विद्यापीठात जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांच्या मदतीनं एक खास केंद्रही चाललं. सेन्सर, ड्रोन, उपग्रहाची चित्रं ही त्या केंद्राची रोजची हत्यारं. मुलीला कॉम्प्युटरची ओढ असेल, तर तिला इथंही कोड लिहावा लागेल, एवढं तिला जरूर सांगा.

पाणी जास्त झालं तरी इंजिनिअरच

आपल्या जिल्ह्याइतकी पाण्याची शाळा दुसरीकडे शोधून सापडायची नाही. क्षेत्रफळानं हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 17,048 चौरस किलोमीटरचा. अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस हजारो मिलिमीटर पडतो आणि पाथर्डी-जामखेडच्या रानात ढग नुसते वरून जातात. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. प्रवरेच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. 1950च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. विद्यापीठाच्या जवळच मुळा धरण आहे, 26 टीएमसीचं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. एका बाजूला एवढं पाणी, दुसऱ्या बाजूला आवर्तनाची वाट पाहणारी चारी आणि पलीकडं कोरडवाहू ज्वारी. विद्यार्थ्याला हे सगळं एका एसटीच्या फेरीत पाहायला मिळतं.

पाण्यानं पैसा आला, तशी चोपण जमीनही आली. कालव्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं जास्त पाणी दिलं, निचऱ्याकडे कुणी पाहिलं नाही, की खालची पाणीपातळी वर येते. पाणी वाफ होऊन उडतं आणि क्षार वरच मागं राहतात. जमिनीवर पांढरा थर येतो, उगवण होत नाही. अशा जमिनीला फक्त जिप्सम टाकून भागत नाही. साठलेलं पाणी आणि क्षार बाहेर काढायला वाट करून द्यावी लागते. त्यासाठी जमिनीखाली ठरावीक खोलीवर, ठरावीक उतारानं छिद्रांचे पाइप टाकतात आणि ते नाल्याला जोडतात. खोली किती, दोन पाइपांत अंतर किती, उतार किती, हे मातीच्या प्रकारावर ठरतं. चुकलं तर सगळा खर्च मातीत जातो. हे गणित कृषी अभियंत्याचं. विद्यापीठाचं सांगलीजवळ कसबे डिग्रजला संशोधन केंद्र आहे, तिथं क्षारपड जमिनीवर काम चालतं.

कोरडवाहू शेतीचं कामही असंच जुनं. सोलापूरला 1933 साली कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झालं. ते आज राहुरीच्याच अखत्यारीत आहे. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं बांधबंदिस्ती, खोल नांगरट, कुळवणी आणि विरळ पेरणी यांची सांगड घालून कमी पावसात ज्वारी पिकवण्याची रीत बसवली. आज जलयुक्त शिवाराच्या, पाणलोटाच्या गोष्टी ऐकताना या नव्वद वर्षांमागच्या कामाची आठवण ठेवायला हवी.

बियाण्यातलं तंत्र

'तंत्रज्ञान' म्हटलं, की आपल्याला लोखंड आणि वायरी आठवतात. पण ज्या तंत्रज्ञानानं तुमचं घर चालतं, ते बहुधा बेण्याच्या रूपात आलेलं आहे.

तुमच्या शेतात 86032 ऊस असेल. हा आकडा कसा पडला, कधी विचार केलात? पूर्ण नाव को 86032. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथं ऊस चांगला फुलोऱ्यावर येतो, म्हणून संकर तिथल्या ऊस पैदास संस्थेत होतात. 86 म्हणजे 1986 साल आणि 032 हा त्या वर्षीच्या निवडीतला क्रमांक. तो महाराष्ट्रात पारखला गेला पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रात. नीरा नदीच्या काठचं हे केंद्र 1932 पासूनचं, आज राहुरीच्या विद्यापीठाचं. 1996 साली हा वाण 'नीरा' या नावानं प्रसारित झाला. म्हणजे क्रमांक पडल्यापासून शेतकऱ्याच्या हाती बेणं पडेपर्यंत दहा वर्षं गेली. 'फुले 265'चं खरं नाव को एम 0265. त्यातला 'एम' महाराष्ट्राचा. चोपणट जमिनीतही तग धरतो, म्हणून नदीकाठच्या शेतकऱ्यांनी तो उचलला.

डाळिंबाचंही तसंच. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी 1936 साली एक झाड निवडलं. त्याला पुढं 'गणेश' नाव मिळालं. त्याच गणेशच्या संकराच्या पिढीतून राहुरीनं 'भगवा' निवडला, 2003-04च्या सुमाराला. आज संगमनेर-सांगोल्यापासून परदेशी बाजारापर्यंत जे केशरी-लाल डाळिंब जातं, ते हेच. गाईंमध्ये 'फुले त्रिवेणी' पाहा : निम्मं रक्त होल्स्टीन फ्रिजियनचं, पाव जर्सीचं आणि पाव आपल्या गीरचं. दूध परदेशी गाईचं आणि ऊन सोसायची ताकद गीरची, अशी ती बेरीज.

आता तुमच्या मुलीच्या प्रश्नाशी थेट भिडणारं एक उदाहरण सांगतो. हरभरा काढायला मजूर मिळत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. हार्वेस्टर घालावा म्हटलं, तर जुने वाण बुटके आणि पसरट. घाटे जमिनीलगत लागतात, यंत्राचं पातं त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि खाली घेतलं तर ढेकळं आत जातात. यंत्र बदलून हे सुटत नव्हतं. तेव्हा झाडच बदललं गेलं. राहुरीच्या 'फुले विक्रम' या वाणाचं झाड उंच, उभट वाढतं आणि घाटे जमिनीपासून वर लागतात. हार्वेस्टर सरळ फिरतो. इंजिनिअरनं यंत्राची अडचण सांगितली आणि पैदासकारानं झाडात तिची सोय केली. ही भाषा दोघांना एकाच आवारात बोलता आली, तरच असं काम होतं. शेतीच्या विद्यापीठात इंजिनिअरिंग का, या तुमच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

शेतातून बाजारात जाईपर्यंत

पीक हाती आलं, म्हणजे काम संपलं असं नाही. कांदा घ्या. चाळीत कांदा सडतो तो बहुतेक वेळा दमट आणि कोंडलेल्या हवेनं. म्हणून सुधारित चाळीचा तळ जमिनीवरून उचलून घेतात, हवा खालून आणि बाजूंनी खेळती ठेवतात, रुंदी चार फुटांच्या आत आणि कांद्याचा थर पाच फुटांपर्यंत ठेवतात. हे आकडे कुणाच्या मनात आले म्हणून ठरलेले नाहीत. ढिगाच्या पोटात उष्णता किती साठते आणि हवा कुठवर पोचते, यावर ते बसवलेले आहेत. डाळमिल, हळदीची पॉलिश, भाजी वाळवायचा सोलर ड्रायर, गुळाच्या चुलवाणाची बांधणी, हे सगळं कृषी प्रक्रिया अभियांत्रिकीत येतं.

अवजारांचंही एक महत्त्वाचं काम राहुरीला होतं, ते म्हणजे चाचणी. बाजारात येणारं यंत्र सांगितल्याप्रमाणे काम करतं का, डिझेल किती खातं, चालवणाऱ्याला धोका किती, हे तपासून अहवाल देतात. अनुदानाच्या यादीत जायला असा अहवाल लागतो. एखादं पेरणी यंत्र घेताना विक्रेत्याला चाचणी अहवाल दाखवायला सांगा. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

शोध शेतापर्यंत पोचतो कसा?

राहुरीत नवा वाण किंवा नवं अवजार तयार झालं, की ते लगेच विकायला काढत नाहीत. आधी अनेक केंद्रांवर, मग शेतकऱ्यांच्या शेतावर काही हंगाम त्याची परीक्षा होते. मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत ते मांडलं जातं. तिला सगळे 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात. दरवर्षी ती आळीपाळीनं एकेका विद्यापीठात भरते. तिथं दुसऱ्या विद्यापीठांचे शास्त्रज्ञ उलटसुलट विचारतात, आकडे तपासतात आणि मगच शिफारस होते. 'विद्यापीठाची शिफारस' या दोन शब्दांमागं एवढी चाळणी असते.

बियाण्याची साखळीही समजून घ्या. विद्यापीठात होतं ते पैदासकार बियाणं, त्याला सोनेरी पिवळं लेबल. त्यापासून पायाभूत, त्याला पांढरं. त्यापासून प्रमाणित, त्याला निळं. तुम्ही दुकानातून घेता ते बहुधा निळ्या लेबलाचं. पिशवी फाडण्याआधी लेबल पाहायचं आणि हंगाम संपेपर्यंत ते जपून ठेवायचं. विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' ही वार्षिक पुस्तिका तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असावी. पीकवार वाण, खतं, तारखा, अवजारं, सगळं तीत मराठीत मिळतं.

मुलीला काय सांगायचं?

तिचा प्रश्न रास्त आहे : शेतीच करायची तर बी.टेक. कशाला? पण कृषी अभियंत्याला शेती करायलाच हवी असं नाही. मृद व जलसंधारण खातं, सिंचन, ट्रॅक्टर आणि ठिबकाच्या कंपन्या, अन्नप्रक्रिया उद्योग, बँकांमधली कृषी अधिकारीपदं, राज्य लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, या सगळ्या वाटा या पदवीला खुल्या आहेत. 'गेट' परीक्षेत कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, म्हणजे आयआयटीत एम.टेक.ला जाण्याचा रस्ताही आहे. तिनं स्वतःचा उद्योग काढला, तर गिऱ्हाईक शोधायला तिला लांब जावं लागणार नाही.

प्रवेशासाठी बारावीला गणित घेतलेलं असावं आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्याच्या आधारे वाढीव गुण देण्याची पद्धत कृषी शिक्षणात आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. सातबाऱ्याचा उतारा, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रं निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. ऐनवेळी तलाठ्याकडे आणि सेतूत रांगा लागतात आणि एका कागदापायी जागा जाते.

शेवटी तुम्हाला एक विनंती. अर्ज भरण्याआधी एक दिवस काढा आणि मुलीला घेऊन राहुरीला जा. तुमच्या गावापासून ते लांब नाही. किसान मेळाव्याचे किंवा शिवार फेरीचे दिवस असतील तर उत्तमच. अभियांत्रिकी महाविद्यालयाची कार्यशाळा पाहा, हवामान केंद्र पाहा, ठिबकाचे प्रयोग पाहा. तिथल्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या. आणि जाताना तुमच्या शेतातल्या मातीचा नमुना तपासणीसाठी बरोबर न्या. शेताच्या आठ-दहा ठिकाणची माती एक वीत खोलीपर्यंतची घ्या, बांध आणि उकिरडा टाळून. ती एकत्र करून, सावलीत वाळवून, अर्धा किलो पिशवीत भरा. पिशवीत नाव, गट नंबर आणि आधीचं पीक लिहिलेली चिठ्ठी घाला.

मुलगी तिथं शिकेल की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. पण विद्यापीठ तुमच्याही पैशानं चालतं आणि मातीचा तो नमुना घेऊन जायला तुम्हाला सीईटी द्यावी लागत नाही.